नांगरवाल्याने इतिहास लिहू नये काय?

औताफाट्याचा अभ्यास करणाऱ्याने औतापुरतेच बोलावे, इतिहासाच्या देव्हाऱ्यात पाऊल टाकू नये, असे मानणाऱ्या पंडितांची जात सर्व देशांत एकच. मी मॅट्रिक झालेला मास्तर. त्यांच्या पंगतीला माझा पाट नाही. तरी फ्रान्सिस पेन या गृहस्थांचे नाव त्यांच्या कानावर घातल्यावाचून राहवत नाही.

पेन (१९००-१९९२) जन्मले वेल्सच्या वेशीबाहेर, इंग्लंडातल्या किंग्टन गावी. वेल्श भाषा त्यांनी शिकून आपलीशी केली. वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात, आणि पुढे १९४८ साली कार्डिफजवळ सेंट फॅगन्सला उघडलेल्या लोकजीवन-संग्रहालयात, शेतीची अवजारे हाच त्यांचा संसार. १९५४ साली त्यांचा वेल्श नांगरावरचा ग्रंथ निघाला. त्यात फाळाची लांबी-रुंदीच असणार, असे कुणी म्हणेल. पण त्या देशात नांगर एकट्याचा कधी नव्हताच! हवेल राजाच्या नावाने चालत आलेल्या जुन्या कायद्यांत, आपल्या सावडीसारख्या, आठ बैलांच्या सामाईक नांगरटीचे नियम आहेत. पहिली पट्टी नांगऱ्याची, दुसरी लोखंड देणाऱ्याची, मग बैलवाल्यांच्या. बैलांपुढे उलट्या पावलांनी चालत गाणाऱ्या हाकाऱ्याचाही वाटा ठरलेला. नांगराला हात घातला की कायदा, नातीगोती, गाणे, सारा गावच वर येतो.

पूर्व सीमेवरचा रॅडनर परगणा घ्या. (१९७४ साली तो पोविसमध्ये सामील झाला.) तिथली वेल्श एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक मावळली, तेव्हा तिथे वेल्श म्हणून सांगण्यासारखे उरले काय, असे शहाण्यांनी विचारावे! पेन यांनी १९६६ आणि १९६८ मध्ये त्या परगण्यावर दोन खंड लिहिले, आणि तेही वेल्शमध्ये.

वाचणार कोण, हा प्रश्न हिशेबी माणसाचा. तिथला शेतकरी रोज 'पेन-इ-बाँट' म्हणतो, म्हणजे पुलाचे टोक; 'कुम-हिर' म्हणतो, म्हणजे लांब दरी. अर्थ विसरला, तरी नाव जिभेवर आहेच. पंधराव्या शतकात लेविस ग्लिन कोथी हा भाट याच परगण्यातल्या घराण्यांकडे पाहुणचार घेऊन त्यांची स्तुती गात असे. ज्यांच्या घरात एवढी कविता नांदली, त्यांच्या वंशजांना तुम्ही मुळात काही नव्हताच, असे सांगायचे? ही विद्वत्ता नव्हे, निव्वळ आळस आहे. गावोगाव पायपीट नको, जुन्या पोथ्यांची धूळ नको. 'इथे काही नाही' म्हटले की काम संपले!

आणि कविता तरी पंडितांना एकट्याने कुठे उलगडते? चौदाव्या शतकात इओलो गोख याने नांगरकऱ्यावर काव्य रचले, त्यात नांगराचे वर्णन आहे. औताला नावे ठेवणाऱ्यांनी ते काव्य पुढ्यात घ्यावे आणि त्यातली इसाड कुठली, रुमणे कुठले, एवढे दाखवून द्यावे.