कुपीला सील कोणी लावलं?

एका अंगाला नागपूर-मुंबई महामार्ग, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी, अशी नांदगाव पेठची वस्ती. परप्रांतातून माणसं येतात, कामाला लागतात, निघून जातात. अशा ठिकाणी रस्त्याकडेला अनोळखी मृतदेह सापडला की मर्ग दाखल होतो, पेपरात फोटो येतो आणि कोणी पुढं आलं नाही तर फाइल थंड पडते. बेपत्ता माणसांच्या नातलगांचे डीएनए नमुने देशात एका जागी असते, तर यातल्या काहींना निदान नाव मिळालं असतं.

गुन्ह्याच्या तपासातही हाच उपयोग. डीएनएतल्या ठरावीक जागांवर तोच तुकडा किती वेळा आलाय, एवढेच आकडे संगणकात ठेवतात. घटनास्थळावरचा रक्ताचा थेंब त्यांच्याशी जुळला, की दुसऱ्या जिल्ह्यातला संशयितही हाती लागतो. ब्रिटनने असा राष्ट्रीय संग्रह १९९५ मध्येच उभा केला. आपल्याकडे २०१९ चं डीएनए विधेयक सरकारनेच २०२३ मध्ये मागे घेतलं.

संग्रह हवाच. पण आधी पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत डोकावू. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, हायकोर्टाने कायम केली आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपीला निर्दोष सोडलं. डीएनए अहवाल होता की! पण नमुने पाठवायला उशीर का झाला, मधल्या काळात ते कोणत्या अवस्थेत होते, याचा धड हिशेब नव्हता. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका खटल्यात याच कोर्टाने दंडकच घालून दिला: नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, प्रत्येक हातबदल नोंदवहीत लिहा. बंदोबस्त लागला की कुपी घेऊन जायला शिपाईच मोकळा नसतो, ही अडचण मात्र कोणत्याही निकालपत्राने सुटत नाही. त्यासाठी माणसं भरावी लागतात.

दुसरी गोष्ट, या संग्रहात आधी कोण जाणार? फासेपारध्यांवरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, तरी चोरी झाली की गाडी वळते ती त्यांच्या वस्तीकडे, बेड्याकडे. निर्दोषांचे नमुने साठवू नका, असं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००८ मध्ये ब्रिटनला बजावलं आणि तिथं लाखो नोंदी पुसाव्या लागल्या. आपल्या २०२२ च्या ओळख-कायद्यात नोंदी ७५ वर्षं ठेवायची मुभा आहे. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर त्या नष्ट करायच्या, असंही त्यात लिहिलंय. खरंच केल्या का, हे बेड्यावरच्या माणसाने विचारायचं कुणाला? नवं विधेयक आलं आणि त्यात याचं उत्तर नसेल, तर तेही मागे घ्यायला लावावं.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. पंच म्हणून बोलावणं आलं तर टाळू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. कुपीला लाखेचं सील तुमच्या डोळ्यांदेखत लागलं, तरच पंचनाम्यावर नाव घाला.