सभेपुढे आलेला कागद

७ जुलै १९१० रोजी विश्वनाथ काशीनाथ राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा जुने कागद धुंडाळणाऱ्या पुरुषांची महाराष्ट्रात वाण होती असे नाही. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीच निघाला होता आणि मिरजेस वासुदेवशास्त्री खऱ्यांचे पटवर्धनी दप्तरावरील काम अखंड चालू होते. उणीव होती ती एकाच्या हाती लागलेला कागद दहाजणांच्या डोळ्यांखालून जाण्याची. मंडळाच्या पाक्षिक सभांनी ती भरून काढली. कागद कोणत्या घराण्यात मिळाला, मोर्तब कोठे आहे, मिती वाराशी जुळते की नाही, हे सारे चारचौघांत तपासले जाऊ लागले.

या शिस्तीचे फळ केवढे मोठे, हे पाहावयाचे तर मावळातील जेधे देशमुखांच्या शकावलीकडे पाहावे. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध केली आणि शिवजन्माची रूढ तिथी, शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, एकाएकी शंकास्पद ठरली. कारण शकावली शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया सांगत होती. एकट्या कागदावर एवढा निर्णय कोणी सोपवला नसता, आणि सोपवूही नये. पुढे परमानंदाच्या शिवभारताने तीच तिथी सांगितली, आणि दूर जोधपुरास मिळालेल्या जन्मकुंडलीनेही तीच पुष्ट केली. मावळातील देशमुखी घराणे, संस्कृत काव्य व मारवाडातील ज्योतिष्याचा संग्रह यांचा परस्परांशी काय संबंध? तो जुळला, कारण ज्याच्या त्याच्या पेटीत हे पुरावे बंद राहिले नाहीत.

हे आम्ही जयपुरास, सांगानेरला लागून असलेल्या प्रताप नगरात बसून लिहीत आहोत, आणि येथे राहून या गोष्टीचे महत्त्व अधिकच जाणवते. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्यास नजरकैदेत असता मिर्झाराजे जयसिंहांचा पुत्र रामसिंह त्यांना जामीन राहिला होता. त्या दिवसांची बित्तंबातमी त्याच्या माणसांनी राजस्थानी बोलीत लिहून पाठवली, आणि ती पत्रे जयपूर दरबाराच्या दप्तरात टिकली. सर जदुनाथ सरकार व डॉ. रघुवीरसिंह यांनी ती संपादिली. ग्रंथ सरकारांच्या पश्चात १९६३ साली निघाला. उत्तरकालीन बखरींतील अद्भुताच्या जागी त्यामुळे घटना घडत असताना लिहिलेला मजकूर आला. जयपूर दरबाराच्या अर्जदाश्ती, वकिलांचे अहवाल व अखबारात आज बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहेत, आणि त्यांतील मराठ्यांविषयीचा मजकूर मराठी अभ्यासकांनी जितका वाचावयास हवा तितका वाचलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अलीकडे कागदाचे छायाचित्र क्षणात निघते. परंतु पुष्कळ छायाचित्रे भावी ग्रंथासाठी राखून ठेवली जातात, आणि जी बाहेर येतात त्यांवर दप्तराचे नाव वा रुमालाचा क्रमांक नसतो. असा कागद कितीही चित्तवेधक असला तरी पुरावा म्हणून पंगूच. निष्कर्ष मागाहून लिहावा. मूळ मजकूर मात्र, फाटलेल्या व न लागलेल्या अक्षरांसह, आधी सभेपुढे मांडावा. राजस्थानात वास्तव्य असलेल्या मराठी अभ्यासकांनी येथील जुनी लिपी व ढुंढाडी बोली शिकून घ्यावी, आणि एखादे पत्र जरी लागले तरी त्याचा संपूर्ण पाठ, प्राप्तिस्थानासह, आमच्याकडे अवश्य पाठवावा. तो आम्ही काटछाट न करता छापू.