प्रचारफलकांची उतराई

निवडणूक आटोपली, निकाल लागला, गुलाल धुऊन निघाला आणि आचारसंहिताही उठली, तरी चौकाचौकांतील खांबांवरून उमेदवार हात जोडून उभेच आहेत, अशी तक्रार कोणी केली की तिला आपल्याकडे एक ठरीव उत्तर मिळते: 'राहतील आणखी महिनाभर, आणि पडतील आपोआप, त्यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे?' हे उत्तर देणारी माणसे दुष्ट नसतात, बहुधा राजकारणीही नसतात. रस्त्यातले खड्डे आणि दिवसाआड येणारे पाणी यांच्यापुढे चार फाटक्या फलकांची त्यांना मातब्बरी वाटत नाही, इतकेच. परंतु या उदासीनतेच्या आश्रयाने जो शिरस्ता आता पक्का झाला आहे तो असा की, प्रचाराचे साहित्य लावण्याचा हक्क उमेदवाराचा आणि ते काढण्याची तसदी मात्र गावाची. आणि हा शिरस्ता न्यायाला, कायद्याला आणि साध्या व्यवहारालाही सोडून आहे, असे माझे मत आहे. फलक उतरवणे हा प्रचाराचाच शेवटचा भाग होय, आणि ज्याचा प्रचार त्यानेच तो स्वतःच्या खर्चाने व ठरलेल्या मुदतीत पुरा केला पाहिजे.

विरुद्ध पक्षाचे सर्वांत सबळ म्हणणे लोकशाहीच्या नावाने मांडले जाते, आणि ते सबळ असल्यामुळेच त्याला आधी सामोरे जाणे बरे. वर्तमानपत्राचे अख्खे पान विकत घेण्याची ज्याची ऐपत नाही, ज्याच्या सभेला दिल्लीहून कोणी पुढारी उतरणार नाही, अशा सामान्य उमेदवाराला आपले नाव, आपला चेहरा आणि आपले चिन्ह मतदारांपर्यंत पोहोचवण्यासाठी फलकाइतके स्वस्त साधन नाही. तेव्हा फलकांवर निर्बंध घालाल तर श्रीमंतांचा आवाज राहील आणि गरिबाचा बसेल, असे हे म्हणणे. मला ते मान्य आहे. मात्र मतदान संपेपर्यंत. अमुक चिन्हासमोरचे बटण दाबा, ही विनंती मतदानयंत्र मोहोरबंद झाल्यानंतर कोणाला उद्देशून असते? ज्या मजकुराला श्रोता उरला नाही, हेतू उरला नाही आणि बहुतेक वेळा खुद्द वक्त्यालाही ज्याची आठवण उरलेली नाही, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कवच चढवणे म्हणजे त्या थोर तत्त्वाला खुंटीसारखे वापरणे आहे.

याच पक्षाची एक भावुक शाखा परंपरेचा दाखला देते. भिंती रंगवूनच चळवळी उभ्या राहिल्या, संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा काय फ्लेक्सच्या परवानगीसाठी थांबल्या होत्या, असा तिचा सवाल असतो. पण त्या काळच्या भिंतीवरचा गेरू, चुना आणि नीळ ही पहिल्या दोन पावसाळ्यांत धुऊन जात, आणि कागदी भित्तिपत्रक शेळ्याही खात. आजचा फलक हे पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर दिलेले कापड आहे. ते कुजत नाही, विरघळत नाही, आणि थंडीत शेकोटीला टाकले तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषे हवेत सोडते. हातांनी अक्षरे काढणाऱ्या पेंटर मंडळींचा धंदा याच कापडाने बुडवला हे जाता जाता नमूद करावेसे वाटते; कारण परंपरेचा कळवळा असणाऱ्यांना त्यांची आठवण झालेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुसरा एक युक्तिवाद ऐकायला अधिक माणुसकीचा आहे. हे कापड गरिबांच्या उपयोगी पडते, असे सांगतात. आणि ते खोटे नाही. गळक्या पत्र्यावर, वीटभट्टीवरच्या झोपडीवर, अवकाळीच्या भीतीने झाकलेल्या कांद्याच्या ढिगावर उलटे पसरलेले उमेदवार आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातली तेवढी सेवा तरी निर्विवाद आहे. पण वस्तुस्थिती अशी की, उपयोगी पडते ते निकालाच्या रात्रीच कोणीतरी खांबावर चढून, विजेच्या तारांचा धोका पत्करून उतरवलेले धड कापड. महिनाभर वाऱ्याने फाटलेल्या चिंध्या ताडपत्रीचे काम करत नाहीत. गरिबांना कापड द्यावे असे उमेदवाराच्या मनात खरोखरच असेल, तर त्याने ते आपल्या माणसांकरवी उतरवून, घडी करून, उजेडात द्यावे. गरजूने रात्री चोरासारखे वर चढावे आणि त्याला आपण दान म्हणावे, हा हिशेब मला पटत नाही.

आता नेहमीची कैफियत: महापालिकेकडे माणसे नाहीत, गाड्या नाहीत, अतिक्रमण विभागावर आधीच कामाचा बोजा आहे. या कैफियतीचे खंडन आपले प्रशासन दर निवडणुकीला स्वतःच करत असते. निवडणूक जाहीर झाली की आयोगाच्या निर्देशाप्रमाणे सरकारी मालमत्तेवरचे राजकीय साहित्य २४ तासांत, सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरचे अनधिकृत साहित्य ७२ तासांत काढावे लागते, आणि ते काढले जाते. अख्खे शहर तीन दिवसांत मोकळे होते, कोनशिलांवर कागद चिकटतात, पुढाऱ्यांचे पुतळेसुद्धा झाकले जातात. म्हणजे माणसेही आहेत आणि गाड्याही आहेत. फरक इतकाच की, पहिल्या साफसफाईमागे आयोगाचा हुकूम असतो आणि घड्याळ असते. निकालानंतर आचारसंहितेचा अंमल उठतो, निरीक्षक आपापल्या राज्यांत परततात आणि त्या घड्याळाला किल्ली देणारा कोणी उरत नाही. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, म्हणजे १९९० ते १९९६ या काळात, रंगलेल्या भिंतींना वचक बसला तो कायदा बदलल्यामुळे नव्हे, आहे तो कायदा कोणीतरी बजावतो आहे हे उमेदवारांना कळल्यामुळे.

कायद्याची उणीव तर मुळीच नाही. मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९९५ पासून अमलात आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरात, दिलेली हमी पाळली नाही म्हणून अवमानाची कारवाई का करू नये, अशी विचारणा त्याच न्यायालयाने प्रमुख राजकीय पक्षांना केली. आणि लगेच नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होऊन शहरे पुन्हा तशीच लडबडली. दोन हजार रुपये ही रक्कम ज्या काळी ठरली त्या काळी तिला काही वजन असेल. आज ती फलक लावणाऱ्या पोरांच्या एका वेळच्या वडापावालाही पुरेल की नाही, याची शंका आहे.

पण दंडापेक्षा मूळ दोष वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो रस्त्यावर उभे राहून पाहिल्यास दिसतो. आमच्या वस्तीच्या वळणावर एका कडुनिंबाला बांधलेला असा एक फलक आहे. उमेदवाराचा चेहरा मधोमध चिरला असून वरच्या ओळीतले 'प्रचंड' एवढेच शाबूत राहिले आहे. बांधायची तार सालीत रुतली असून तिच्यावरून झाडाने गाठ धरायला सुरुवात केली आहे. तेथूनच पन्नास पावलांवर, रस्त्याच्या पलीकडे, त्याच उमेदवाराचा याच्या चौपट मोठा फलक लोखंडी चौकटीवर होता. तो मात्र निकालाच्या दुसऱ्याच दिवशी नाहीसा झाला. कारण उघड आहे. ती चौकट मांडव-कंत्राटदाराकडून भाड्याने आणलेली असते, तिचे भाडे दिवसावर चढत असते, आणि ती परत न आल्यास किंमत भरून द्यावी लागते. म्हणून मजूर येतात, नटबोल्ट सोडतात, टेम्पोत चौकट टाकतात आणि जातात. कडुनिंबावरच्या कापडाला, बांबूच्या कामट्यांना आणि तारेला परतीची किंमत नाही, म्हणून ती तेथेच राहतात. गावाच्या शिस्तीचे, संस्कारांचे किंवा नागरिकत्वाच्या शिक्षणाचे जे प्रवचन अशा वेळी हमखास ऐकावे लागते त्याच्याशी या गोष्टीचा फारसा संबंध नाही. जे परत न केल्यास पदरचे पैसे जातात ते परत होते, हा बाजारातला जुना नियम येथेही चालतो.

यावर उमेदवार सांगतील की, हे फलक आम्ही लावलेच नाहीत, कार्यकर्त्यांनी आणि हितचिंतकांनी उत्साहाच्या भरात लावले, आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती. ही सबब मी बारकाईने ऐकली असती, जर प्रत्येक प्रचारपत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता छापण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ ने घातलेले नसते. कडुनिंबावरच्या त्या फलकाच्या तळाशीसुद्धा ती बारीक ओळ अजून वाचता येते. तेव्हा मालक सापडत नाही हे म्हणणे टिकत नाही. तळाची ओळ वाचण्याची कोणाला गरज वाटत नाही, इतकेच. आणि छायाचित्र ज्याचे, नाव ज्याचे, मते ज्याला, त्याला त्या फलकाच्या जन्माची वार्ता नव्हती हे खरे असेल, तर त्याने प्रचाराच्या काळातच तशी लेखी तक्रार नोंदवायला हवी होती. तशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. उत्साह गोड लागतो आणि त्याची उष्टी-खरकटी मात्र परकी वाटतात!

हा प्रश्न केवळ डोळ्यांना खुपण्याचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी चेन्नईत २०१९ च्या सप्टेंबरात काय झाले ते आठवावे. एका पक्षपदाधिकाऱ्याच्या घरच्या लग्नाचा स्वागतफलक दुचाकीवरून जाणाऱ्या तरुण अभियंता मुलीच्या अंगावर कोसळला, ती रस्त्यावर पडली आणि मागून आलेल्या टँकरखाली सापडून गेली. तो फलक निवडणुकीचा नव्हता हे खरे. पण वाऱ्याला लग्न आणि निवडणूक यांतला भेद कळत नाही.

खंडन एवढे पुरे. करायचे काय, हे सांगितल्यावाचून मात्र या लेखाला अर्थ नाही, आणि सुदैवाने त्यासाठी नवी इमारत बांधण्याची जरुरी नाही. इंग्लंडमध्ये जाहिरातींच्या नियंत्रणाचे जे विनियम २००७ पासून लागू आहेत त्यांत निवडणुकीचे फलक विनापरवाना लावण्याची मुभा आहे, परंतु मतदान संपल्यापासून १४ दिवसांच्या आत ते काढले पाहिजेत, अशी अट तिला जोडलेली आहे. मुभा आणि मुदत एकाच वाक्यात बांधली आहेत, हे मला त्यातले शहाणपण वाटते. आपल्याकडे लावण्याच्या परवानगीचा एक कागद असतो आणि काढण्याचा कागदच नसतो. शिवाय उमेदवाराचा जो खर्च कायद्याने मोजला जातो तो नामनिर्देशनाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा. म्हणजे लावण्याचा खर्च हिशेबात येतो आणि उतरवण्याचा खर्च, कोणी केलाच तर, हिशेबाच्या बाहेर पडतो. विधानसभेच्या उमेदवाराकडून दहा हजार रुपये अनामत घेतली जाते, आणि एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशही मते न मिळाल्यास ती जप्त होते. मतदारांनी नाकारल्याची किंमत आपण वसूल करतो. मतदारांच्या रस्त्यावर कचरा सोडल्याची करत नाही.

माझी तजवीज अशी. परवानगी देताना फलकांची संख्या मोजून दर फलकामागे एक तारण-रक्कम भरून घ्यावी, आणि निकालानंतर १४ दिवसांत कापड, कामट्या, तार व खिळे यांसह जागा मोकळी करून दिल्याचा दाखला आणल्यास ती जशीच्या तशी परत करावी. विनापरवाना लागलेले फलक महापालिकेने उतरवावेत आणि त्या कामाचे देयक ज्याच्या लाभासाठी ते लागले त्या उमेदवाराच्या नावे काढावे. या देयकाला दात कोठून यायचे, असे कोणी विचारील, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० मध्ये उत्तर तयार आहे. महापालिकेची कोणतीही थकबाकी विशेष नोटीस बजावल्यानंतर तीन महिन्यांत जो भरत नाही तो नगरसेवक होण्यास आणि राहण्यास अपात्र ठरतो. निवडणुकीच्या तोंडावर घरपट्टी आणि पाणीपट्टी निमूटपणे भरून थकबाकी नसल्याचा दाखला मिळवण्यासाठी इच्छुकांची जी धावपळ उडते ती याच कलमाची करामत आहे. फलक उतरवण्याचा खर्च या थकबाकीत एकदा रीतसर नोंदला गेला की दोन हजारांच्या दंडाला जे साधले नाही ते साधेल.

प्रतिस्पर्धी मुद्दाम आपल्या नावाचे फलक लावून आपल्याला गोत्यात आणील, ही भीती अगदीच अनाठायी नाही. म्हणून प्रचारकाळात लेखी हरकत घेतलेल्या फलकाची जबाबदारी उमेदवारावर नसावी, ती तळच्या ओळीतल्या प्रकाशकावर जावी. गरीब अपक्षाला तारण झेपणार नाही, ही दुसरी भीती. परंतु तारण फलकांच्या संख्येवर असल्यामुळे दहा फलक लावणाऱ्याला दहांचेच भरायचे आहे, आणि ते त्याला परत मिळायचे आहे. जड पडेल ते शहरभर हजारो चेहरे टांगणाऱ्याला. अंमलबजावणीत पक्षपात होईल, हरलेल्यांवर नोटिसा बजावल्या जातील आणि जिंकलेल्यांचे फलक अभिनंदनाच्या नव्या फलकांखाली झाकले जातील, ही तिसरी शंका मात्र सर्वांत खरी आहे. तिच्यावर उपाय एवढाच की, प्रत्येक प्रभागातले पहिले देयक विजयी उमेदवाराच्या नावे निघावे. पराभूताचा पत्ता शोधत फिरावे लागते; विजेत्याचा पत्ता महापालिकेच्या सभागृहातच आहे.