निकालाआधीची घालमेल
नवोदयची परीक्षा दोन तासांत संपते. कोलाडमधल्या पाचवीच्या मुलांच्या आईवडिलांसाठी मात्र ती निकाल लागेपर्यंत चालूच असते. रायगडचं जवाहर नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यातल्या निजामपूरला आहे. सहावीच्या जागा जेमतेम 80, अर्ज अख्ख्या जिल्ह्यातून, आणि सहावीसाठी पुन्हा बसण्याची मुभा नाही. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, ही कोलाडसारख्या गावाची मोठी आशा. धाटावच्या एमआयडीसीत पाळी करणारा बाप जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर रोल नंबर, जन्मतारीख टाकून पाहतो. घरी आई पोराला पुन्हा विचारते, ती वेगळी आकृती कुठली निवडलीस? 100 पैकी 50 गुण बुद्धिमत्ता चाचणीचे, त्यामुळे एकेका आकृतीवर जीव टांगलेला. ही तगमग खोटी नाही. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सांभाळणारी, बारावीपर्यंतची सीबीएसई शाळा पगारात दुसरी कुठली बसणार? अन् निवड झालीच, तर दहा-अकरा वर्षांचं लेकरू वसतिगृहात धाडायचं. नववीत काही मुलांना वर्षभर हिंदीभाषक राज्यातल्या नवोदयातही जावं लागतं. तो घोर वेगळाच. पण रोजच्या उलटतपासणीने उत्तरपत्रिकेवरचं एकही वर्तुळ बदलत नाही, पोर तेवढं धास्तावतं. त्याला खेळायला सोडावं. नाव नाहीच आलं, तर नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी निवड परीक्षा होते. तिचा अर्ज आठवीत असताना भरता येतो.