ब्राउझरमधला सात-बारा आणि वारणेचा धडा

पाटणच्या डोंगरातील खातेदार असो वा जतच्या माळावरचा, पीककर्जासाठी बँकेत सात-बारा मागितला जातोच. पूर्वी त्यासाठी तलाठ्याची वाट पाहावी लागे. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा उतारा उपलब्ध झाला. १५ रुपये भरून तो संकेतस्थळावरून घेता येतो आणि त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. विनामूल्य दिसणारा उतारा मात्र केवळ माहितीपुरता असतो.

या बदलामागे ब्राउझरमध्ये चालणारी सॉफ्टवेअर आहेत. ब्राउझर हे निव्वळ पाने वाचण्याचे साधन नव्हे, हे २००४ मध्ये जीमेलने आणि २००५ मध्ये गूगल मॅप्सने जगाला दाखवले. अशा सॉफ्टवेअरसाठी संगणकावर वेगळे काही बसवावे लागत नाही. सर्व्हरवर एकदा सुधारणा केली, की ती कराडपासून मिरजेपर्यंत सर्वांना एकाच वेळी मिळते.

परंतु बिघाडही तसाच एकाच वेळी सर्वदूर पोहोचतो. सर्व्हर बंद पडला, की सेवा केंद्रात संगणक आणि वीज असूनही काम ठप्प होते. कर्जाची मुदत मात्र थांबत नाही.

याबाबत वारणा खोऱ्याचा अनुभव बोलका आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी इंटरनेट पोहोचवण्याचे ते स्वप्न होते. प्रत्यक्षात हे संगणक प्रामुख्याने साखर कारखान्याच्या कामाला आले: उसाचे वजन, तोडणीचे परवाने, खतांचा हिशेब. पुढे २००६-०७ च्या सुमारास ७ गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील एसएमएस वापरून पाहण्यात आला आणि तेच काम कमी खर्चात झाले. साधन किती आधुनिक आहे यापेक्षा ते गावातील जोडणीला आणि कामाला कितपत बेतलेले आहे, हेच महत्त्वाचे ठरले.

म्हणून ब्राउझर सोडून देण्याचे कारण नाही. भरलेली माहिती ब्राउझरमध्येच साठवून जोडणी परत येताच सर्व्हरकडे धाडण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे. नोंदीचे अर्ज तरी त्या पद्धतीने घेता येतील. सरकारी सॉफ्टवेअरची परीक्षा मंत्रालयातील वेगवान जोडणीवर नव्हे, तर पाटण आणि जतच्या गावांत व्हायला हवी. अन्यथा तलाठी कार्यालयापुढची रांग केवळ सेवा केंद्रापुढे सरकेल.