विश्लेषण : ॲक्वापोनिक्सची टाकी उन्हात कशाला?

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तर थंडीत निफाडसारख्या ठिकाणी तो एक आकडी होतो. अशा हवेत एकाच पाण्यावर मासे आणि भाजीपाला घेण्याचा, म्हणजे ॲक्वापोनिक्सचा प्रयोग अनेक जण हौसेने गच्चीवर किंवा अंगणात मांडतात. वाफे उन्हात आणि शेजारी माशांची टाकीही उन्हातच! पण ऊन झाडांना लागते, माशांना नाही. त्यामुळे हीटर किंवा चिलर विकत घेण्याआधी टाकी सावलीच्या खोलीत हलवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

तापमानाचा एवढा बाऊ कशासाठी?

माशाचे रक्त पाण्याइतकेच गरम किंवा थंड असते. तिलापिया सुमारे २७ ते ३० अंशांत चांगला वाढतो. पाणी २० अंशांखाली गेले की त्याचे खाणे कमी होते आणि १०-१२ अंशांच्या आसपास तो मरू लागतो. उन्हाळ्यात अडचण उलटी. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सातहून कमी. गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. शिवाय पाण्याचा सामू ८ असेल तर २० ऐवजी ३० अंशांना अमोनियाचा विषारी अंश जवळपास दुप्पट होतो. अशा वेळी दोन तास वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला तर टाकीभर मासे गमावण्याची वेळ येऊ शकते.

टाकी आत घेतल्याने काय साधते?

पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. खोलीत थेट ऊन नसल्याने ते दुपारच्या कमाल तापमानाकडे न धावता दिवस-रात्रीच्या सरासरीजवळ राहते. अंधारात शेवाळही फारसे वाढत नाही. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू थंडीत सुस्तावतात. त्यांची गाळणी टाकीजवळच ठेवली तर तीही सांभाळली जाते. भर मे महिन्यात विदर्भाची सरासरीच चढी असते. तिथे खोलीला कूलर लावला तर माणसाप्रमाणे माशांनाही आराम मिळतो. कोकणातल्या दमट हवेत मात्र कूलरचा फारसा उपयोग नाही.

नुसती टाकी आत घेतली की झाले?

नाही. बाहेरचा वाफा हा या व्यवस्थेचा रेडिएटर आहे. उथळ नळ्यांतून फिरणारे पाणी उन्हात झपाट्याने तापते आणि ती उष्णता परत टाकीत आणते. म्हणून नळ्यांऐवजी खोल वाफे घ्यावेत, पाइप गुंडाळावेत आणि वाफ्यांवर शेडनेट टाकावे. उन्हाळ्यात दुपारी बाहेरचा प्रवाह कमी करून रात्री वाढवावा, हिवाळ्यात याच्या उलट करावे. प्रवाह पूर्ण बंद मात्र करू नये. आणि खोली पत्र्याची असेल तर ती भट्टीच होते. त्यापेक्षा विटांची, उत्तरेकडची खोली किंवा रिकामा कौलारू गोठा बरा.

घरात टाकी ठेवण्याचे धोके कोणते?

पहिला धोका वजनाचा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. राहत्या खोलीच्या स्लॅबवरचा भार भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेला असतो. एक मीटर खोल पाणी त्याच्या पाचपट भार टाकते. त्यामुळे टाकी तळमजल्यावरच हवी. वरच्या मजल्यावर ठेवायचीच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे. दुसरा धोका ओलीचा. बाष्पामुळे भिंतींना बुरशी धरते, म्हणून टाकीवर झाकण आणि हवा बाहेर टाकणारा पंखा हवा. तिसरा विजेचा. पाण्याजवळच्या जोडणीला आरसीसीबी लावणे टाळू नये.

पैसे कशावर खर्च करावेत?

हजार लिटर पाणी पाच अंशांनी गरम करायला जवळपास सहा युनिट वीज लागते. टाकी उघड्यावर असेल तर ती ऊब रात्रीत उडून जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मीटर फिरते. तेच पैसे टाकीभोवतीच्या थर्माकोलवर, झाकणावर आणि हवेच्या पंपाला बॅटरी जोडण्यावर घालावेत. हीटर, चिलर त्यानंतर, आणि गरज उरलीच तर.

ॲक्वापोनिक्स शिकवणाऱ्यांनी आणि संच विकणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ग्राहकाला एक प्रश्न विचारायला हवा : तुमच्याकडे सावलीची खोली आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्याला आधी निवारा उभारायला सांगावे आणि मासे नंतर द्यावेत. विक्री थोडी लांबेल. पण पहिल्याच उन्हाळ्यात रिकामी झालेली टाकी भंगारात जाणार नाही.