स्टीलच्या गंजाला गंज का लागतो?

आमच्या वऱ्हाडात पातेल्याला 'गंज' म्हणतात. पुण्यात पहिल्यांदा राहायला आलो तेव्हा रूममेटला "तो स्टीलचा गंज दे रे" म्हटलं, तर त्याने मला स्टीलला गंज लागत नसतो यावर पाच मिनिटं लेक्चर दिलं. शब्दाचा घोळ नंतर मिटला. पण त्याचं लेक्चर मात्र चुकीचं होतं. स्टीलच्या गंजाला गंज लागतो, आणि आमच्याकडे तर जरा जास्तच लागतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णेचं खोरं आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा सगळा खारपाण पट्टा. जमिनीखालचं पाणी खारं, विहीर-बोअर मारली तरी तेच. असं पाणी स्टीलच्या पिंपात वर्षानुवर्षं भरून ठेवलं की तळाशी सुईने टोचल्यासारखे तपकिरी ठिपके दिसायला लागतात. लोक म्हणतात, "स्टील डुप्लिकेट निघालं." डुप्लिकेट नसतं हो ते. स्टेनलेसच असतं, फक्त त्या पाण्यासाठी बनलेलं नसतं.

स्टेनलेस म्हणजे किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेलं पोलाद. हवा लागली की या क्रोमियमचा पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक थर तयार होतो, काही नॅनोमीटर जाडीचा. ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा धरतो. सगळी जादू एवढीच. क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ, हा थर जागोजागी फोडतं. एकदा बारीक खड्डा पडला की आतलं पाणी आणखी आम्लधर्मी होत जातं आणि खड्डा खोल जातो. खड्डा लवकर पडणार की उशिरा, हे धातूत काय काय किती मिसळलंय यावर ठरतं. म्हणजे ग्रेडवर.

आता दुकानात जा आणि ग्रेड विचारा. उत्तर ठरलेलं असतं : "लोयचुंबक लावून पाय ना भाऊ, चिकटते का?"

हे चुंबक प्रकरण मला फार छळतं, म्हणून जरा सविस्तर. 304 नावाच्या ग्रेडमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेलमुळे त्याची आतली रचना अशी होते की चुंबक चिकटत नाही. पण निकेल महाग, आणि आपण ते मुख्यतः बाहेरून आणतो. मग निकेल कमी करून त्याच्या जागी मँगनीज घालायचं, ही झाली 200 सिरीज. मूळ शोध अमेरिकेतला. कोरियन युद्धाच्या काळात तिकडे निकेलची टंचाई झाली आणि 1955 मध्ये या ग्रेडना अधिकृत नंबर मिळाले. पुस्तकातल्या 201 मध्ये साडेतीन ते साडेपाच टक्के निकेल असतं. आपल्याकडच्या स्वस्त भांड्यांच्या पत्र्यात ते एक टक्क्याच्या आसपास येतं, आणि क्रोमियमही उतरलेलं असतं. यालाही चुंबक चिकटत नाही! उलट 430 हा बिननिकेलचा ग्रेड चुंबकाला चिकटतो, पण त्यात क्रोमियम 16 ते 18 टक्के असतं. खाऱ्या पाण्यात तो उतरलेल्या 200 पेक्षा बरा टिकतो. म्हणजे चुंबकाची परीक्षा घेऊन माणूस बऱ्यापैकी पत्रा नाकारतो आणि हलका पत्रा 'अस्सल' म्हणून घरी आणतो. (इंडक्शन शेगडी घेतली की मग चुंबक चिकटणारंच भांडं हवं असतं, ती गंमत वेगळीच.)

पण 200 सिरीजला मी शिव्या घालणार नाही. ज्या देशात निकेल नाही त्याने मँगनीजकडे वळणं यात शहाणपण आहे, आणि मँगनीज तर आपल्या विदर्भाचं. नागपूर, भंडारा आणि शेजारचं बालाघाट. 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने तिथे काम सुरू केलं, त्याचीच पुढे 1962 मध्ये मॉईल झाली, नागपूरला मुख्यालय असलेली सरकारी कंपनी. चंद्रपूरला या खनिजापासून फेरोमँगनीज बनतं. तुमच्या ताटात डोंगरी बुजुर्गचा एखादा कण असू शकतो.

घराजवळ जे सापडलं त्यावर उद्योग उभा करण्याचं माझं आवडतं उदाहरण फिनलंडचं आहे. औटोकुम्पू ही स्टेनलेसमधली जगातली एक बडी कंपनी. नाव एका टेकडीचं, आणि त्या टेकडीत स्टेनलेसचा काही संबंधच नव्हता, 1910 मध्ये तिथे तांबं सापडलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेची मारामार होती, तर यांनी खनिजातल्याच गंधकाच्या ज्वलनावर तांबं वितळवायची फ्लॅश स्मेल्टिंग पद्धत काढली आणि 1949 मध्ये हर्याव्हाल्टाला चालू केली. पुढे ती जगभर गेली, आपल्याकडे घाटशिला आणि खेत्रीलाही आली. मग 1959 मध्ये उत्तरेला केमी गावाजवळ एका पाणबुड्याला पाण्याखाली वेगळाच दगड दिसला. तो निघाला क्रोमाइट. 1968 मध्ये खाण आणि जवळच टोर्निओला फेरोक्रोमची भट्टी, 1976 मध्ये तिथेच स्टेनलेसचा कारखाना. फेरोक्रोम थंड करून पुन्हा तापवत बसायला नको म्हणून ते वितळलेल्या अवस्थेतच पुढच्या भट्टीत नेतात. पुढे स्वीडनची अवेस्ता आली, 2012 मध्ये जर्मनीच्या थिसेनक्रुपचा स्टेनलेस विभाग आला, आणि ज्या तांब्यावर सुरुवात झाली ते कधीच मागे पडलं.

मला यात खाण-भट्टीपेक्षाही एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. टोर्निओहून निघणाऱ्या प्रत्येक कॉइलबरोबर हीट नंबर आणि सर्टिफिकेट असतं : ग्रेड अमुक, क्रोमियम इतकं, निकेल इतकं. आणि ही काही फिनलंडची मक्तेदारी नाही. आपल्या चांगल्या कारखान्यांतूनही कॉइल असंच कागद घेऊन निघतं. तो कागद होलसेलरपर्यंत येतो, भांडी बनवणाऱ्यापर्यंत येतो, आणि पत्र्याचा गुंड झाला की गायब! आमच्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन नंबर खोडून सॉफ्टवेअर प्रॉडक्शनला टाकायचं. नंतर क्रॅश झालं की कुणाचं काय चुकलं ते शोधत बसा.

हेच भांडं वीस वर्षांनी मोडीत गेलं की भंगारच्या बाजारात 304 आणि 200 चा भाव लगेच वेगळा होतो. मोठे व्यापारी तर हातातल्या एक्स-रे गनने दोन सेकंदात निकेल किती ते सांगतात. तेव्हा ज्ञान आहे, यंत्रं आहेत, भावातला फरकही सगळ्यांना माहीत आहे. फक्त आंदणासाठी भांडी घेणाऱ्या माणसाला तेवढं सांगायचं नाही.

मार्च 2024 मध्ये केंद्राने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला, ते चांगलंच झालं. पण मला चिन्हाबरोबर आकडा हवाय. ताटाच्या पाठीवर, उघड्या डोळ्यांनी वाचता येईल असा : 304, 201, 430, जे असेल ते. 201 लिहिलेलं ताट मी खुशाल घेईन, कोरड्या फराळाला उत्तम आहे ते. पण संग्रामपूरच्या माणसाने पाण्याचं पिंप घेताना तो आकडा वाचून ठरवावं.

खर्चाचं म्हणाल तर, आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची हौस जुनीच आहे. प्रत्येक दुकानात ते टकटक करणारं मशीन असतं. कुणाकडून, कुणाला, कुठल्या तारखेच्या लग्नात, सगळं त्यावर कोरतो आपण. त्याच मशीनने आणखी तीन आकडे कोरायला किती वेळ लागतो? आणि जिल्ह्यातल्याच खामगावात चांदी घेताना तिच्या शुद्धतेची चौकशी केल्याशिवाय कुणी पैसे काढत नाही. स्टीलच्या दुकानात मात्र आपण ताट वाजवून बघतो, चुंबक लावतो आणि वजनावर पैसे देऊन येतो.